जिन्याचं काम: सहकारनगरच्या घरातल्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं आणि टॉर्च घेऊन खालून बघितलं. वरून बघून काही कळत नाही, कारण वर कधीतरी कुणीतरी प्लाय आणि त्यावर सनमायका मारून ठेवलाय, तो कडांना उचकटलाय आणि आईचा पाय दोनदा अडकलाय, म्हणून तर हे काम काढलं.

खालून मात्र वेगळंच चित्र. दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्या म्हणजे स्ट्रिंगर, दीड इंची जाड अस्सल सागवान, आणि त्यांना नको तिथे चौकोनी खाचा. बाबा सांगायचे ते खरं निघालं, पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतला आमचा वाडा पडला (१२ जुलै १९६१) आणि आजोबांनी त्यातलं जे लाकूड हाती लागलं ते इथे वापरलं. त्या खाचा वाड्यातल्या तुळयांच्या. म्हणजे लाकूड वाड्यात किती वर्षं होतं देव जाणे, त्यात पुरात भिजलेलं, आणि आज चाकूचं टोक घुसत नाही. पायऱ्यांच्या मूळ फळ्याही सागाच्याच आहेत, मधे खोलगट झिजल्यात पण भक्कम आहेत. खालच्या दोन पायऱ्यांवरच्या प्लायमध्ये वाळवीच्या मातीच्या नळ्या होत्या, सागाच्या गाभ्याला तिने तोंडही लावलेलं नाही, प्लाय तेवढा खाऊन मोकळी.

सांगाडा काढायचा नाही हे आजच ठरलं. प्लाय काढायचा, जुन्या फळ्या जागेवर ठेवायच्या आणि त्यावर नवीन लाकूड चढवायचं.

९ फेब्रुवारी

मापं घेतली. टेप, पाणसळ, गुण्या, आणि एक वही.

एकूण १३ पायऱ्या, म्हणजे चढ (एका पायरीपासून पुढचीपर्यंतची उंची) १४. मधले सगळे २०० मिमीचे, इतके सारखे की आजोबांच्या सुताराला नमस्कार. पण सगळ्यात खालचा फक्त १६०, कारण मधे कधीतरी खालच्या शहाबादी फरशीवर टाइल्स बसवल्या आणि जमीन ४० मिमी वर आली. पायरीची रुंदी २४० मिमी. आजच्या नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे घरातल्या जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० आणि पायरी कमीत कमी २५० हवी, म्हणजे आमचा जिना आज कुणी पास करणार नाही. पण वाड्यांमधल्या जिन्यांपुढे हा म्हणजे हायवे आहे.

आता गंमत अशी की सगळ्या पायऱ्यांवर सारखाच थर चढवला तर मधल्या चढांना काही फरक पडत नाही, दोन्ही बाजू सारख्याच वर जातात, फरक पडतो फक्त पहिल्या आणि शेवटच्याला. २० चं लाकूड आणि २ गोंदाचा थर धरला तर पहिला १६० चा १८२ होतो, हे चांगलंच झालं, पण शेवटचा २०० चा १७८ होतो. आणि वरच्या टोकाला एक चढ वेगळा असणं हे सगळ्यात वाईट, कारण माणूस उतरायला लागतो तो तिथूनच, पायाला अंदाज २०० चा असतो आणि तो चुकला की थेट खाली.

यावर उपाय सुतारकाकांनी एका वाक्यात सांगितला. "वरच्या पॅसेजलाही तेच लाकूड टाका ना दादा." बरोबर आहे! पॅसेजही २२ ने वर आला की शेवटचा चढ पुन्हा २००. पॅसेज चाळीसेक स्क्वेअर फूट आहे, दोन्ही खोल्यांना उंबरे आहेत आणि दारं आतल्या बाजूला उघडतात, त्यामुळे दारं तासायचीही भानगड नाही, दीड इंची उंबरा अर्ध्या इंचावर येईल एवढंच. राहिला पहिला चढ, तो १८ मिमी कमी, पण तळाचा असल्यामुळे चालतो. खर्च वाढला.

१६ फेब्रुवारी

लाकूड कुठलं यावर घरात अधिवेशन. आई सागवान, काका सागवान, सुतारकाका तर सागवानच. शेजारच्यांचं मत पुन्हा सनमायका, "ओक फिनिशमध्ये पण मिळतो की".

मी ओकवर अडून बसलो त्याची कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर ही वही दाखवता येईल. एक तर ह्या जुन्या सागाशेजारी नवीन साग ठेवला तर तो आयुष्यभर त्याच्याशी तुलनेत हरणार. चांगलं बल्लारशा सागवान रुंद फळीत घ्यायचं तर भाव ऐकून घाम फुटतो, आणि परवडेल तो लागवडीचा साग असतो, त्यात पांढरा कच्चा भाग भरपूर. ओक सरळ वेगळा दिसतो, आपण जुना असल्याचं सोंग आणत नाही. दुसरं म्हणजे पायाखाली कडकपणा लागतो, लाकडाचा कडकपणा मोजायच्या जांका टेस्टमध्ये व्हाइट ओक १३६० पाउंडाच्या आसपास आणि साग त्याच्या बराच खाली. जुन्या फळ्या मधे खोलगट झाल्यात त्या उगाच नाही.

ओकच्या विरुद्धचा मुद्दा पण खरा आहे आणि तो सुतारकाकांनी बरोबर पकडला: "हे लाकूड फुगतं." फुगतंच. साग ओलं-कोरड्यात फार कमी हलतो म्हणून तर आपल्याकडे त्याचं राज्य आहे, ओक जवळपास दुप्पट हलतो. आपल्या सह्याद्रीत हे झाड उगवत नाही, हिमालयातला बांज त्याच्याच कुळातला पण फळ्या मिळतात त्या सगळ्या बाहेरच्या. आणि पुण्याची हवा म्हणजे एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी आणि ऑगस्टमध्ये चपलांना बुरशी. तेव्हा पूर्ण कामाचा प्रश्न एकच आहे, ह्याला हलायला जागा कुठे द्यायची.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भवानी पेठ, टिंबर मार्केट. सुतारकाका बरोबर होते म्हणून बरं, नाहीतर माझ्यासारख्याला चेहरा बघून भाव सांगतात.

पहिल्या दुकानात "व्हाइट ओक" म्हणून जे दाखवलं ते रेड ओक होतं. ओळखायची सोपी युक्ती, एक छोटा तुकडा घ्यायचा, एका टोकाला साबणाचं पाणी लावायचं आणि दुसऱ्या टोकाने जोरात फुंकायचं. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, बुडबुडे येतात. व्हाइट ओकच्या गाभ्यातल्या नळ्या आतून बुजलेल्या असतात म्हणून तर दारूची पिंपं त्याची बनवतात, गळत नाहीत. मी भर दुकानात बुडबुडे काढले. दुकानदार म्हणाला साहेब दोन्ही ओकच आहे. हो, पण भाव एकाचा लावताय ना.

दुसरीकडे खरा मिळाला, किल्नमध्ये म्हणजे भट्टीत सुकवलेला, २६ मिमी जाड, सहा इंची रुंद. त्यातल्या फळ्या टोकाकडून बघून एकेक निवडल्या. टोकाला वर्षांच्या रेघा उभ्या दिसल्या तर ती फळी रुंदीत कमी हलते, रेघा आडव्या पसरलेल्या असल्या तर दुप्पट. उभ्या रेघांच्या फळीवर पट्टेरी चमक पण येते, वाघाच्या अंगासारखी. माझा हिशोब असा की २६५ मिमीची पायरी (२५ मिमी पुढे आलेली नाकाडी धरून), लाकडातला ओलावा उन्हाळा ते पावसाळा ५ टक्क्यांनी वाढला तर उभ्या रेघांची फळी साधारण २.४ मिमी वाढेल, आडव्या रेघांची जवळपास ५. पांढरा कच्चा भाग असलेल्या फळ्या बाजूला काढल्या, त्यात भुसा पाडणारा किडा लागतो.

कापण्यातली नासाडी धरून ८ घनफूट घेतलं. भाव लिहीत नाही, आई वही वाचते.

२ मार्च

फळ्या हॉलमध्ये थप्पी लावून ठेवल्यात, प्रत्येक थरामधे पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहते. ज्या हवेत लाकूड राहणार त्याच हवेत आधी बसू द्यायचं. ओलावा मोजायचं छोटं दोन सुयांचं मीटर ऑनलाइन मागवलं होतं, आल्या दिवशी रीडिंग ११ ते १२ टक्के. पाहुणे येतात आणि थप्पीकडे बघून विचारतात शिफ्टिंग चाललंय का.

१५ मार्च

धुळवडीची सुट्टी धरून जुना रंग काढायला घेतला. चढाच्या उभ्या फळ्या सागाच्या आहेत पण त्यावर ऑइल पेंटचे थरावर थर, सगळ्यात खालचा हिरवा, साठच्या दशकातला असणार. इथे जरा जपून. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल त्याला धरबंध नाही. त्यामुळे कोरडं सँडिंग अजिबात नाही, मशीन तर नाहीच. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडायचं, ओलं असतानाच गोळा करून पिशवीत, मास्क लावून, आणि भाचीला तेवढे दिवस आत्याकडे पाठवलं. कंटाळवाणं काम आहे. पण खालून जो साग निघाला, मधासारखा, तो बघून सुतारकाका पण दोन मिनिटं गप्प बसले, आणि ते गप्प बसणाऱ्यातले नाहीत.

वाळवीचं औषध भिंतीच्या कडेने भोकं पाडून मारून घेतलं, पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला.

२३ मार्च

लोखंड आणि ओक यांचं जमत नाही. ओकमध्ये टॅनिन असतं, तेच जे चहात असतं, आणि ओलं असताना लोखंडाशी गाठ पडली की काळीनिळी शाई तयार होते. पूर्वी शाई करायचे ती ह्याच तत्त्वावर. पटत नसेल तर तुकड्यावर ओला खिळा रात्रभर ठेवा. मी ठेवला, सकाळी झक्क काळा ठसा, आणि तो सुतारकाकांना दाखवायलाच ठेवला होता कारण त्यांच्या पेटीत सगळे लोखंडी स्क्रू.

मग बोहरी आळी. एका दुकानात स्टेनलेसचे म्हणून जे स्क्रू दिले ते खिशातल्या लोहचुंबकाला फटकन चिकटले, म्हणजे बहुधा लोखंडावर झिंकचा मुलामा. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला जवळपास दाद देत नाही. परत केले, पुढच्या दुकानात खरे मिळाले. घासायला स्टीलचा काथ्या पण वापरायचा नाही, त्याचे कण रेषांमधे अडकतात आणि पहिल्या ओल्या फडक्याला काळे ठिपके. काळा डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातो, हातमोजे घालून.

६ एप्रिल

मीटर आता ८ दाखवतंय. कापायला हरकत नाही.

रंगाचा एक नाद करून बघितला. ओकला अमोनियाची धुरी दिली की टॅनिनमुळे तो आतूनच गडद होतो, वरून रंग द्यावा लागत नाही. गच्चीवर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तुकडे आणि वाटीभर अमोनिया ठेवला, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा लावून, कारण त्याचा एक भपकारा डोळ्यातून पाणी काढतो. दुसऱ्या दिवशी तुकडे राखाडी-तपकिरी झालेले. सुंदर होते खरं म्हणजे. पण जुन्या सागाशेजारी धरले तर ना धड जुने ना धड नवे, बळंच मॅचिंग केल्यासारखे. नैसर्गिकच ठेवायचा.

२० एप्रिल

पायऱ्या तयार करणं. दोन फळ्या कडेला कड गोंदाने जोडून एक पायरी, मग रंधून २० मिमी. जिना कुठेही काटकोनात नाही, एका पायरीची लांबी मागे ८९६ मिमी आणि पुढे ९०१, दुसरीची उलटी, म्हणून प्रत्येक पायरीचा हार्डबोर्डचा साचा वेगळा कापला आणि त्यावर नंबर टाकले.

नाकाडीची कड राउटरने (लाकडाची कड कोरायचं मशीन) गोल केली, पेन्सिलीइतकी. धारदार कडेला पॉलिश लवकर उडतं आणि नडगी लागली की कळतं. सुतारकाकांना त्यावर नक्षीची गोलाई हवी होती, मी नको म्हणलं, त्यांनी "तुमचं घर" म्हणून सोडून दिलं पण पुढे दोन दिवस ते जिन्याला "तुमचा जिना" म्हणत होते.

४ मे

बसवायला सुरुवात. आधी खालून करकर बंद केली, जुन्या पाचरी सैल झाल्या होत्या त्या ठोकून गोंद घातला, कोपऱ्यात सागाचे ठोकळे लावले. हे आधीच करायचं, वर ओक बसल्यावर आवाज कुठून येतो ते सापडत नाही.

वरच्या लाकडाची रीत अशी. गोंद फक्त पुढच्या तिसऱ्या भागाला, साधारण ८० मिमीच्या पट्ट्यात. मागचा भाग नुसता टेकलेला. खालून स्क्रू, पुढचे साध्या भोकात, मागचे लांबट भोकात वायसर लावून, म्हणजे फळी धरून राहते पण सरकू शकते. मागच्या उभ्या फळीपाशी ४ मिमी फट मोकळी. झिजून खोलगट झालेल्या जागी आधी पातळ पट्ट्या आणि भरण करून जुनी फळी लेव्हल केली.

फटीवरून वाद झाला. "दीड सूत फट ठेवायची म्हणजे लोक म्हणतील सुताराला माप कळत नाही." हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, त्यांनी आयुष्यभर फट दिसू नये म्हणूनच तर काम केलं. शेवटी फटीवर छोटी गोल बीडिंग म्हणजे लाकडी पट्टी, पण ती मारायची उभ्या फळीलाच, पायरीला नाही, म्हणजे पायरी तिच्याखालून ये-जा करेल. सातव्या पायरीची बीडिंग मुद्दाम लावली नाही. पावसाळ्यात किती सरकते ते मोजायचंय.

पॅसेजला भिंतीकडेने १० मिमी मोकळं, स्कर्टिंगखाली झाकलं जातं.

१८ मे

फिनिश. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची काचेसारखी चमक घरात अनवाणी चालणाऱ्या माणसांना कामाची नाही, ओल्या पायाला सटकतं, आणि एकदा ओरखडा पडला की पूर्ण पायरी घासा. म्हणून हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेण एकत्र, मॅट. सँडिंग ८० नंबरच्या पॉलिशपेपरने, मग १२० ला थांबलो. २२० पर्यंत घासून गुळगुळीत केलं तर लाकूड तेल पीत नाही.

घरात राहून जिन्याला फिनिश करायचं तर एक सोडून एक पायरी करायची. आज विषम, त्या वाळल्या की सम. आईला सांगितलं फक्त सम पायऱ्यांवर पाय दे, ती म्हणाली मग त्यापेक्षा वर जातच नाही, आणि खरंच तिने खाली हॉलमध्ये अंथरूण टाकलं.

तेलाची फडकी बोळा करून टाकू नका! वाळताना त्यात उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, कुणी काडी लावायची गरज नाही. पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. आमची तारेवर, बनियनांच्या शेजारी.

२७ मे

काल मान्सून पुण्यात आल्याचं जाहीर झालं. मे संपायच्या आत! सगळा हिशोब जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा होता, आणि गेला आठवडाभर तसाही धो धो चाललाय. सम पायऱ्यांचा दुसरा हात राहिलाय आणि पहिला हात अजून चिकट लागतोय, दमट हवेत तेल वाळायला वेळ घेतं. खिडक्या लावून पंखे सोडलेत, आणि काही करायचं नाही, थांबायचं. घाईने दुसरा हात मारला असता तर खालचा कच्चाच राहून वर साय धरली असती.

८ जून

सम पायऱ्या पूर्ण. जिना चालू. आई पहिल्यांदा चढली, मधेच थांबून पायाने चाचपलं, म्हणाली गार नाही लागत. एवढंच. नंतर शेजारणीला फोनवर पाऊण तास सांगत होती.

१० ऑगस्ट

मीटर १२.५. सातव्या पायरीमागची फट ४ ची २.५ झालीय, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजली. पुढचा पट्टा चिकटवलेला असल्यामुळे मोकळी रुंदी १८५ मिमीच धरायची, त्या हिशोबाने दीड मिमीच यायला हवं होतं आणि तेवढंच आलं. सुतारकाकांना बोलावून दाखवलं. त्यांनी गेज घालून बघितलं, काढलं, पुन्हा घातलं, आणि म्हणाले अजून सप्टेंबर जायचाय.

कुठेही फळी उचललेली नाही, सांध्यात चीर नाही, करकर नाही. जिन्याखालच्या खोलीचं फ्लश डोअर मात्र फुगून बसलंय, उघडायला लाथ लागते, ते ह्या कामात धरलंच नव्हतं.

५ ऑक्टोबर

सातव्या पायरीची बीडिंग मारली. गणपतीत घरात इतकी माणसं चढली-उतरली की खालच्या तीन-चार पायऱ्यांवरचं तेल मधे जरा फिकट झालंय, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढ्याच जागी हलका हात द्यायचा, पूर्ण जिना घासावा लागत नाही हाच ह्या तेलाचा फायदा. कठडा आणि हाताची पट्टी पुढच्या वर्षी. त्यासाठी सुतारकाकांनी आत्ताच बजावून ठेवलंय की दादा, ह्या वेळी लाकूड मी आणणार, आणि ते सागवान असणार.